पाच लिटर पाणी

मार्च सरला की बाणेरची टेकडी भाजलेल्या भाकरीच्या रंगाची होते. गवत वाळतं आणि त्याची कुसळं मोज्यांत अशी रुततात, की घरी आल्यावर उंबऱ्याशी बसून एकेक उपटावी लागतात. या दिवसांत आम्ही वर रिकाम्या हातानं जात नाही. तेलाचा पाच लिटरचा कॅन धुऊन ठेवलेला असतो, त्यात नळाचं पाणी. चढताना तो या हातातून त्या हातात करायचा आणि वर आपल्या झाडाच्या आळ्यात ओतायचा. तापलेली माती आधी पाणी घेतच नाही. थेंब धुळीत लोळून घरंगळतात. मग आत काहीतरी सैल होतं आणि ती घटाघटा पिऊ लागते. तो आवाज ऐकायला मी दर वेळी खाली वाकते.

ही टेकडी आपोआप मोकळी राहिलेली नाही. १९९७ साली भोवतालची २३ गावं पुणे महापालिकेत आली आणि डोंगरउतारांना शहराचा भाव आला. तिथल्या सुमारे ९७८ हेक्टरांवर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण, म्हणजे बीडीपी, टाकायचं की थोडं बांधकाम करू द्यायचं, हा वाद वर्षानुवर्षं चालला. ‘चारच टक्के’ असं म्हटलं जायचं. पण घराला रस्ता लागतो, रस्त्यासाठी उतार कापावा लागतो आणि पोकलेन एकदा वर चढला की टक्के कोण मोजणार?

त्या दिवसांत शेजारच्या काकू आमच्याकडे आल्या. हरकतीच्या छापील अर्जांचा गठ्ठा माझ्या टेबलावर होता. त्यांनी तो बाजूला सारला. “छापील नको गं. कोरा कागद दे, मी माझ्या हातानं लिहिते.” त्यांनी लिहिलं : तीन करंज, एक कडुनिंब, दोन बहावे. यांना मी पाणी घालते. एक बहावा यंदा पहिल्यांदा फुलला. खाली सही. मला वाटतं, त्या गठ्ठ्यातला सगळ्यात भक्कम मुद्दा तोच होता.

२०१५ साली आरक्षण मंजूर झालं. ज्यांच्या जमिनी त्यात अडकल्या, त्यांना योग्य मोबदला मिळालाच पाहिजे. त्यांच्या पिढीजात जमिनीवर फुकटची सावली आम्हाला नको. पण टेकडीफोड थांबलीच पाहिजे, हेही तितकंच खरं. जून २०१३ मध्ये कात्रज बोगद्यापलीकडे, शिंदेवाडीजवळ, फोडलेल्या डोंगराचं पाणी महामार्गावर लोटलं आणि त्यात एक आई आणि तिची तान्ही लेक वाहून गेल्या. उतारावर गवत असतं, माती असते, तेव्हा पाऊस थबकत थबकत खाली येतो. ते खरवडलं की त्याला धरणारं कुणी उरत नाही. त्या दोघींची आठवण आली की आजही हातातला कॅन मला जड होतो.

काकूंचे गुडघे आता चढ मानत नाहीत. त्यांचा कॅन मी नेते. परतताना त्या गॅलरीत उभ्या असतात.

“घातलंस?”

“घातलं, काकू.”

“दोन्ही बहाव्यांना?”

“दोन्ही.”

“आणि प्यायलं त्यांनी?”