योसेमिटीच्या दरीतली तंबूची जागा

आता आपल्या खेड्यापाड्यांतलीही मुले-मुली कॅलिफोर्नियात नोकरीला आहेत. आईवडील भेटीला गेले, की मुले त्यांना गाडीत बसवून योसेमिटी दाखवायला नेतात. तुम्हालाही कधी तो योग येईल, म्हणून तिथली एक गोष्ट सांगून ठेवतो. डोंगर-धबधब्यांची नव्हे, ती तुम्ही डोळ्यांनी पाहालच. रात्री मुक्काम करण्याच्या जागेची.

सान फ्रान्सिस्कोहून मोटारीने चारएक तासांवर, सिएरा नेवाडा डोंगरात ही दरी आहे. मधून मर्सेड नदी वाहते आणि दोन्ही अंगांना करड्या दगडाचे कडे असे, की वर बघताना डोक्यावरची टोपी पडावी. एल कॅपिटान हा एकच कडा तळापासून सुमारे तीन हजार फूट उभा आहे. १८६४ साली अब्राहम लिंकन यांच्या सहीने ही दरी लोकांसाठी राखली गेली आणि १८९० साली इथे राष्ट्रीय उद्यान झाले. योसेमिटी धबधबा २,४२५ फूट पडतो, पण तो चालतो बर्फाच्या पाण्यावर. मे-जूनमध्ये भरून वाहतो आणि ऑगस्टपर्यंत बहुधा आटतो. म्हणजे आपल्याकडे पेरणीची घाई असते, नेमके तेव्हाच तिथे पाहण्यासारखे. ही अडचण ध्यानात ठेवा.

दरीत हॉटेले आहेत, पण खरी गंमत तंबूत. उंच पाइन झाडांखाली आखून दिलेल्या जागा असतात. प्रत्येक जागेला एक मेज-बाकडे, जाळ करायला लोखंडी कडे आणि एक लोखंडी पेटी. ही पेटी अस्वलांसाठी, म्हणजे अस्वलांच्या भीतीने! चटणी, लोणचे, इतकेच काय, साबण आणि दातांची पेस्टसुद्धा तिच्यात बंद करून ठेवावी लागते. एका जागेवर सहा माणसे, भाडे रात्रीला ३६ डॉलर. आपले तीन हजार रुपयांच्या वर झाले. जागा नाही मिळाली तर मोटारीतच पडू म्हणाल, तर तेही चालत नाही. मुकाट्याने उद्यानाबाहेर जावे लागते.

दरी अरुंद, म्हणून जागा मोजक्या. त्यात जानेवारी १९९७ मध्ये मर्सेडला मोठा पूर आला. अप्पर रिव्हर आणि लोअर रिव्हर हे नदीकाठचे दोन तळ त्यात गेले, ते पुन्हा मांडलेच नाहीत. नदीची जागा नदीला सोडून दिली. हा शहाणपणा मला आवडला. पण माणसांची रीघ काही कमी झाली नाही.

तेव्हा जागा आधी धरून ठेवावी लागते. अप्पर पाइन्स या मोठ्या तळाच्या जागा पाच महिने आधी, महिन्याच्या १५ तारखेला सकाळी सात वाजता संगणकावर खुल्या होतात. जूनच्या उत्तरार्धाची जागा हवी तर १५ जानेवारीला. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेआठ झालेले असतात. काही मिनिटांत सगळे संपते. आता जानेवारीत कोण सांगणार, की जूनमध्ये आपल्याला निघता येईल का? व्हिसा आला नसतो, पाऊस कधी पडेल ते ठाऊक नसते.

म्हणून जागा सोडण्याचे नियमही समजून घ्या. तीन रात्रींचे १०८ डॉलर आगाऊ भरलेले आहेत असे धरा. वेळेवर रद्द केले तर फक्त दहा डॉलर कापून ९८ परत मिळतात. पोहोचण्याच्या आदल्या दिवशी किंवा त्यानंतर रद्द केले, तर दहा डॉलर आणि पहिल्या रात्रीचे भाडे, असे ४६ गेले. एकाच रात्रीची जागा असेल तर सगळे भाडे बुडाले. आणि गेलाच नाहीत, कळवलेही नाही, तर पहिल्या रात्रीचे भाडे जाऊन वर दहाऐवजी वीस डॉलर.

सुगीत मळणीयंत्राचा नंबर लावून ठेवलेला असतो ना, तसेच हे. एखाद्याचे पीक अजून ओले आहे, पण तो सांगत नाही. यंत्र त्याच्या बांधावर येऊन उभे राहते आणि पलीकडच्या शेतकऱ्याची गंजी ढगाखाली भिजते. मी योसेमिटीला गेलो तेव्हा आमच्या शेजारची जागा रात्रभर रिकामी होती. दाराशी मात्र सगळा तळ भरल्याची पाटी. संध्याकाळी एक जोडपे दोन पेंगुळलेली पोरे घेऊन आले आणि पाटी वाचून परत फिरले. न आलेल्याची जागा दुसऱ्या दिवशीपर्यंत राखून ठेवतात. तेही बरोबरच आहे, बिचाऱ्याची गाडी वाटेत बंद पडलेली असू शकते. पण न कळवण्याला अवघे दहा डॉलर जास्त, हा दंड मला फारच हलका वाटतो.

रद्द झालेली जागा मात्र पुन्हा संगणकावर दिसू लागते आणि कुणीतरी ती उचलतो. आपण न वापरलेली जागा परस्पर दुसऱ्याला विकता येत नाही. ज्याच्या नावावर ती आहे, तो ओळखपत्र घेऊन हजर हवा. मुलाला रजा मिळाली नाही म्हणून पुतण्याबरोबर जाऊ, असे ऐनवेळी ठरवू नका.

आणखी एक. उद्यानच बंद करावे लागले तर सगळे पैसे परत देतात. २०१८ साली फर्ग्युसन वणव्यामुळे २५ जुलैपासून सुमारे तीन आठवडे दरी बंद होती. नुसती थंडी पडली, पाऊस आला, तर मात्र नेहमीचीच कापाकापी.

मुलगा फोनवर विचारील, "बाबा, नक्की येताय ना?" तेव्हा 'बघू' म्हणून लोंबकळत ठेवू नका. शनिवारी तळावर पोहोचायचे असेल, तर गुरुवारी तिथल्या मध्यरात्रीच्या आत काय ते कळवायला हवे. काही कारणाने तुमचे विमानच चुकले आणि तुम्ही अजून घरीच असलात, तर आपल्या घड्याळाप्रमाणे शुक्रवारी दुपारी साडेबारापर्यंत वेळ आहे.