विसर म्हणू नका
मैत्रिणींनो, "झालं गेलं विसरून जा" असं आपण किती सहज म्हणतो! माझ्या धाकट्या नणंदेला जीव नकोसा झाला, म्हणून इस्पितळात ठेवलं होतं. औषधं चालू होती. पण लहानपणी सोसलेला मार तिला झोपू देईना. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आधी मन सावरायला शिकवलं, मग मोजक्या बैठकांत ती आठवण तिच्याच तोंडून हळूहळू वदवली. आता तिचा डोळा लागतो. आघातानंतरच्या त्रासावर अशा उपचारांची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ सालीच केली आहे.

घरी आल्यावरचे पहिले काही आठवडे मात्र फार जपायचे. गोळ्या कुलुपात ठेवा. "जीव द्यावासा वाटतो का गं?" असं सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट ओझं हलकं होतं. अडलंच तर १४४१६ हा सरकारी फोन रात्रंदिवस फुकट आहे.