खिडकीचे सात गज

साक्षीदाराच्या डोळ्यांवर आम्हां वकिलांचे पोट चालते. तेव्हा त्या डोळ्यांमागे काय चालते ह्याची चौकशी करणे आम्ही आपल्या धंद्याचाच भाग समजतो.

१९७७ साली डेव्हिड नॅव्हन ह्या मानसशास्त्रज्ञाने एक साधी युक्ती योजिली. बारीक अक्षरे मांडून त्यांचेच एक मोठे अक्षर रचावयाचे. जशी ठिपक्यांची रांगोळी. पाहणारास बहुधा मोठे अक्षर आधी उमगते, लहान मागाहून. पुढे १९८६ साली डीलिस, रॉबर्टसन व एफ्रॉन ह्यांनी मेंदूस इजा झालेल्या रुग्णांस अशा आकृती दाखवून त्या आठवणीने काढावयास सांगितल्या. एक आकृती होती बारीक 'झेड' मांडून केलेल्या मोठ्या 'एम'ची. उजवा गोलार्ध दुखावलेल्या रुग्णाने कागदावर सुटे 'झेड' विखुरले. 'एम' कोठेच नाही. डावा दुखावलेल्याने 'एम' नीट रेखिला, 'झेड' मात्र गाळले.

एवढ्यावरून डावा मेंदू हिशेबी आणि उजवा कलावंत अशी जी वाटणी बाजारात खपते, ती आम्हांस मान्य नाही. भाऊबंदांच्या वाटण्या आम्ही पुष्कळ पाहिल्या आहेत. येथे मध्ये भिंत नाही, तंतूंचा जाड सेतू आहे. निरोगी माणसात दोन्ही घरांची चूल एकच. भेद आहे तो कलाचा.

पण हा कल कधी कधी दाव्यात येऊन उभा राहतो. बेळगावकडील एका मृत्युपत्राच्या खटल्यात प्रतिपक्षाने मयत गृहस्थांच्या हातचा एक कागद दाखल केला. अर्धांगवायूने त्यांचे डावे अंग लुळे पडले होते, म्हणजे इजा उजव्या गोलार्धास. त्यानंतर त्यांनी आपले घर रेखाटले होते: कडी, उंबरा, तुळशीवृंदावन, खिडकीचे गज, सारे सुटे सुटे; घर कोठेच नाही. हे काय सुबुद्ध माणसाचे लक्षण, असा सवाल झाला. सवाल चतुर होता खरा. परंतु १९२५ च्या उत्तराधिकार अधिनियमातील कलम ५९ चित्रकला तपासीत नाही. आपण काय करीत आहो हे माणसास कळत होते काय, एवढेच विचारते. आणि मृत्युपत्रात तर प्रत्येक मुलाचे नाव व त्याच्या वाट्याचे शेत बिनचूक होते.

दावा तडजोडीने मिटला. त्या कागदावर निर्णय झालाच नाही. पुढे त्या घरी जाण्याचा योग आला, तेव्हा आम्ही खिडकीचे गज मोजले. सात होते. कागदावरही सातच.