खंय आसा तूं?

हे लिहायचं ठरलं तेव्हा बायकोने एकच अट घातली. लिहिणार असशील तर सगळं लिही, अर्धं झाकलंस तर वाचणाऱ्याच्या पदरात काही पडणार नाही. नावं मात्र द्यायची नाहीत, हे दोघांनी मिळून ठरवलं. मुलगा अजून शाळेत जातो, आणि पेडण्यात नि डिचोलीत आम्हाला ओळखणारी माणसं पुष्कळ आहेत.

मी गोव्यातल्या पेडणे तालुक्यातला, ती डिचोलीची. लग्न झालं तेव्हा मी डिचोलीकडच्या एका खाणीवर पोकलेन चालवायचो. त्या कामात मी तरबेज होतो. समोर कापलेला कडा, खाली टिप्परांची रांग, हवेत लाल धूळ, अशा ठिकाणी माझी नजर जरासुद्धा हलायची नाही. त्यामुळे पुढे डॉक्टर एडीएचडीबद्दल बोलू लागले, लक्ष टिकत नाही म्हणाले, तेव्हा माझा विश्वासच बसेना. लक्ष माझ्याकडे भरपूर होतं. ते कुठे बसवायचं हे माझ्या हातात नव्हतं. धोका असेल, घाई असेल, काही नवं असेल तिथे ते आपसूक चिकटायचं. एरवी ते धरून ठेवता यायचं नाही, मग समोरचं माणूस मला कितीही प्रिय असो.

लग्न ठरल्यानंतरचे दिवस असेच नवे होते. सुट्टी मिळाली की मी कोलवाळचा पूल ओलांडून अस्नोडा, मुळगाव करत डिचोली गाठायचो, पाऊस असला तरी. डोक्यात दुसरा विषय नसायचा. लग्नानंतरचं पहिलं वर्षही त्याच भरात गेलं आणि त्या वर्षाबद्दल आम्हा दोघांची काही तक्रार नाही. मग नवेपणा ओसरला. तो सगळ्यांचाच ओसरतो, पण माझं लक्षच त्याच्याबरोबर निघून गेलं. प्रेम होतं तिथेच होतं. पण शेजारी झोपलेल्या बाईला यातलं काय कमी झालंय ते कसं कळावं? मला स्वतःलाही कळत नव्हतं.

आमचं घर जुनं, कौलारू. आतल्या भिंती कौलांपर्यंत पोचत नाहीत, वरचा भाग मोकळा. एका खोलीतला खोकला सगळ्या घरात ऐकू येतो. आमच्याकडच्या कित्येक पिढ्यांनी अशाच घरांत संसार केले. माझा कान मात्र प्रत्येक आवाजामागे धावायचा. बाबांनी कूस बदलली, गोठ्यातली साखळी वाजली, पंखा टकटकला, हमरस्त्यावरून पत्रादेवीकडे ट्रक गेला. ट्रक गेला की मन ट्रकाबरोबर. त्याचे टायर, त्यावरून कुणाच्या तरी टिप्परचा हप्ता, तिथून उद्याची पाळी. शरीर तिच्याजवळ असायचं, आणि तेवढ्या वेळात ताठरता गेलेली असायची. अंधारात ती विचारायची, "खंय आसा तूं?" म्हणजे, कुठे आहेस तू?

कधी उलटं व्हायचं. मन भरकटायच्या आत उरकावं अशी घाई आतूनच उठायची आणि तिचं काही सुरू होण्याआधी माझं संपलेलं असायचं. शिवाय हलका स्पर्श मला सोसायचा नाही. ती मायेने पाठीवरून बोटं फिरवायची आणि मला अंगावर मुंग्या चढल्यासारखं व्हायचं, मी अंग चोरायचो. हळूहळू तिने हात लावणं सोडलं. मला दिवसाच्या शेवटी झोप लवकर यायची नाही, म्हणून मोबाइल, आणि मोबाइलवर बाया-पुरुषांच्या चित्रफिती. तिथे क्षणाक्षणाला नवं मिळतं. जिवंत माणसाच्या सहवासाला तो वेग नाही, नसावाही. म्हणजे इच्छा मेलेली नव्हती, हे मला आवर्जून सांगायचंय. पुढे वाचनात आलं की एडीएचडी आणि लैंगिक आरोग्य यांवरच्या अभ्यासांचा एक आढावा 2020 साली प्रसिद्ध झालाय. त्यात एडीएचडी असलेल्यांमध्ये कामेच्छा आणि हस्तमैथुनाचं प्रमाण जास्त, समाधान कमी आणि अडचणी जास्त दिसल्या. इच्छा जास्त असूनही समाधान कमी, हे वाचून मला रडू आलं. इतकी वर्षं हे आपल्या एकट्याचंच वाटत होतं.

2012 च्या सप्टेंबरात गोव्यातल्या खाणींवर बंदी आली. डिचोली, सांखळी पट्ट्यात दारादारांत टिप्पर उभे राहिले, बँकांचे हप्ते थकले. घरात जे काही बिनसलं ते सगळं त्या बंदीच्या खात्यावर गेलं, आमचं अंथरूणही. ताण होताच, पण मूळ त्याच्या आधीचं होतं.

आमच्या भागातल्या पुरुषाला असं काही झालं की तो काय करतो? बसस्टँडजवळच्या भिंतीवर रंगवलेला फोन नंबर लावतो. मर्दानी ताकद, चूर्ण, तेल. मीही त्या वाटेने गेलो आणि पैसे घालवून परतलो. नंतर एका डॉक्टरांनी नीट तपासण्या केल्या, रक्तातली साखर, रक्तदाब, थायरॉइड, टेस्टोस्टेरॉन. या तपासण्या कुणीही टाळू नयेत, कारण ताठरतेची अडचण ही मधुमेहाची किंवा हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या आजाराची पहिली खूण असू शकते. माझं सगळं ठीक निघालं. मग सिल्डेनाफिल दिलं. ही गोळी रक्तप्रवाहाचं काम करते, पण मन आधी उत्तेजित असावं लागतं. मन जागेवर ठेवणं तिला जमत नाही. माझं मन ट्रकाबरोबर गेल्यावर गोळी एकटी काय करणार?

असे प्रश्न उघड विचारायची जागा मराठीत एकेकाळी होती. र. धों. कर्व्यांनी 1927 साली 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलं आणि 1953 पर्यंत, जीव असेतो, चालवलं. वाचक त्यांना असेच प्रश्न विचारायचे आणि ते सरळ उत्तरं द्यायचे. त्या उत्तरांपायी त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा 1934 साली बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले. मराठीत हे बोलणं इतकं जुनं आहे. आणि आज माझ्या वयाचा माणूस हा प्रश्न भिंतीवरच्या नंबराला विचारतो, बायकोला विचारत नाही. याचा मला मनापासून त्रास होतो.

आमचं दार मुलामुळे उघडलं. प्राथमिक शाळेतल्या बाईंनी बोलावून सांगितलं, पोरगा हुशार आहे पण बाकावर टिकत नाही, वही कुठे ठेवली ते आठवत नाही, दुसऱ्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत उत्तर देतो. तपासणीच्या वेळी डॉक्टर एकेक प्रश्न वाचत होत्या आणि बायको माझ्याकडे बघत होती. शेवटी ती म्हणाली, "मॅडम, हे सगळं ह्यांचंपण." एडीएचडीत अनुवंशाचा वाटा मोठा असतो, सुमारे 70 ते 80 टक्के धरला जातो. मुलाच्या डॉक्टरांनी मला प्रौढांच्या मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवलं. त्या तज्ज्ञांनी माझ्या आईला बोलावून माझं लहानपण विचारलं, कारण बाराव्या वर्षाच्या आत खुणा दिसलेल्या असाव्या लागतात. आईने भगवतीच्या दसऱ्याच्या गर्दीत मी दरवर्षी कसा हरवायचो इथपासून सुरुवात केली.

निदान झालं. कामाचं विचारलं, गाडी चालवण्याचं, पैशांचं, दारूचं विचारलं. शरीरसंबंधाचं विचारलं नाही. आम्ही उठणार, एवढ्यात बायकोनेच विषय काढला. तिने काढला नसता तर मी काढला नसता, हे नक्की. तेव्हापासून माझं ठाम मत झालंय की प्रौढ पुरुषाला हे निदान सांगणाऱ्याने हा प्रश्न स्वतःहून विचारायला हवा, आणि बायको असेल तर तिलाही आत बोलवायला हवं. आमच्यासारख्यांकडून तो आपणहून येत नाही.

त्या दिवशी परतताना ती गाडीत जे बोलली ते मी विसरणार नाही. "गॅस बुक केलास? फी भरलीस? चावी घेतलीस? दिवसभर मी तुझी आई असते. रात्री दहाला एकदम बायको कशी होऊ?"

समुपदेशनात पुढे आम्ही सर्वांत जास्त काळ याच वाक्यावर थांबलो. तिची इच्छा का गेली, हे मी इतकी वर्षं माझ्या पुरुषपणाशी जोडत होतो. ती दमलेली होती. ज्याच्या मागे सकाळपासून लागावं लागतं त्याच्याबद्दल ओढ वाटत नाही, आणि ज्याला सकाळपासून टोकलं जातं त्यालाही टोकणारीची ओढ वाटत नाही. आठवण करून देणारी नजर आणि हवीहवीशी नजर एकाच डोळ्यांत राहणं कठीण. म्हणून आम्ही अंथरुणाआधी घरातली कामं वाटली. गॅस, वीज, मुलाची फी माझ्याकडे, आणि आठवण करून देण्याचं काम फोनच्या गजराकडे, तिच्याकडे नाही. गजर वाजून माझ्याकडून राहिलं तरी ती बोलणार नाही, असंही ठरलं. एकदा वीज तोडायची वेळ आली तरी ती बोलली नाही. एखाद्याला हे क्षुल्लक वाटेल. आमच्या जवळिकीची सुरुवात मात्र इथून झाली, एडीएचडीच्या कुठल्याही गोळीच्या आधी.

पहिलं औषध अ‍ॅटोमोक्सेटिन. त्याचा गुण यायला काही आठवडे लागतात. डोक्यातला गलबला खरोखर कमी झाला, पण इच्छा उतरली, वीर्यस्खलन होईना, लघवी सुरू व्हायलाही वेळ लागायचा. हे सगळे त्या औषधाचे नोंदलेले दुष्परिणाम आहेत. ते सर्वांना होत नाहीत, मला झाले. आम्ही डॉक्टरांना जाऊन सांगितलं आणि त्यांनी औषध बदलून मिथाइलफेनिडेट दिलं. ते कडक नियंत्रणाखालचं औषध, चिठ्ठीशिवाय मिळत नाही. देताना बजावलं की क्वचित कुणाला दुखरी ताठरता येते आणि ती जात नाही. चार तासांवर टिकली तर लाजत न बसता थेट इस्पितळ गाठायचं. अमेरिकेच्या औषध प्रशासनानेही 2013 साली याबद्दल इशारा दिला होता.

या औषधाने एक साधी गोष्ट समजली. सकाळी घेतलेल्या गोळीचा अंमल संध्याकाळपर्यंत उतरतो. म्हणजे जगाने नवरा-बायकोसाठी राखून ठेवलेली रात्रीची वेळ माझ्या मेंदूची सर्वांत वाईट वेळ. आता मी मोपाच्या विमानतळावर पाळीची नोकरी करतो, त्यामुळे आठवड्यातली एखादी सकाळ किंवा दुपार मोकळी मिळते, मुलगा शाळेत असतो. घरामागे स्लॅबची एक खोली बांधून घेतली, भिंती छतापर्यंत. वेळ आधी ठरवून जवळ येणं सुरुवातीला तिला कृत्रिम वाटलं, मलाही. पण लग्न ठरल्यावर मी डिचोलीला जायचो तेही ठरवूनच जायचो की.

समुपदेशकांनी दिलेला अभ्यास मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकन जोडीने 1970 मध्ये मांडलेल्या पद्धतीचा. काही आठवडे संभोग पूर्ण वर्ज्य, फक्त आळीपाळीने स्पर्श, आणि काय वाटतं त्याकडे लक्ष. संभोग व्हायचाच नाही म्हटल्यावर पास-नापासाची भीती गेली. त्यात आमच्यासाठी एक भर घातली. मन निसटलं की मी तसं बोलून दाखवायचं, "गेलो," आणि ती दाबून हात धरायची. घट्ट स्पर्श मला चालतो, हलका नाही, हे लग्नानंतर इतक्या वर्षांनी मी तिला सांगितलं आणि तिने पहिल्यांदा ऐकलं. तिला काय आवडतं, हे मीही तेव्हाच ऐकलं. ते तिचं आहे, इथे लिहीत नाही.

एक निरीक्षण पूर्णपणे तिचं. माझे सासरचे लोक शिरगावच्या लईराई देवीचे धोंड, म्हणजे व्रत धरणारे भक्त, लग्नानंतर मीही व्रत धरू लागलो. जत्रा वैशाख शुद्ध पंचमीला. व्रताच्या दिवसांत मासे-मांस नाही, दारू नाही, वेळेवर आंघोळ, वेळेवर जेवण, इतर धोंडांबरोबर लवकर झोप, बायकोपासून वेगळं. नेमका तो काळ आमच्याकडे काजूच्या हुर्राकाचा, बाकीचे पुरुष संध्याकाळी पिऊन बसलेले. जत्रेनंतरचे काही दिवस दरवर्षी आमचे बरे जातात, हे तिने हेरलं होतं. मी ते देवीचं मानतो, आजही मानतो. डॉक्टरांनी त्यातली झोप, दारूबंदी आणि वेळेची शिस्त उचलून वर्षभरासाठी लावून दिली. दोन्ही मला एकत्र मान्य आहेत.

सगळं सुरळीत झालं असं म्हणणार नाही. पाळ्या बदलल्या की झोप बिघडते, झोप बिघडली की सगळं बिघडतं. घाई अजून अधूनमधून होते. पण आता ती काळोखात "खंय आसा तूं?" विचारते तेव्हा मी खरं सांगतो. विमानतळावर, नाहीतर मुलाच्या परीक्षेत. आणि ते ऐकून ती रुसत नाही.

माझ्या ओळखीतले एक-दोन जण हल्ली आडून आडून विचारतात. त्यांना मी सांगतो, बांबोळीला आयपीएचबी या सरकारी मानसोपचार संस्थेत जा, तिथे जायला मन धजत नसेल तर टेलि-मानसच्या 14416 वर फोन करा, तो फुकट आहे. आणि काय होतंय ते पहिल्याच भेटीत सांगा, बायकोला घेऊन गेलात तर उत्तम.

आमची पुढची भेट येत्या महिन्यात आहे. काय विचारायचं ते बायकोने कागदावर लिहून ठेवलंय. रात्रपाळीच्या आठवड्यात गोळीची वेळ बदलता येईल का, रक्तदाब थोडा वाढलाय तो औषधाने का, आणि मुलगा वयात येईल तेव्हा त्याला यातलं काय सांगायचं, कोणी सांगायचं. शेवटच्या प्रश्नापुढे तिने माझं नाव लिहिलंय.