पंखा फिरला, पण ज्ञान कुणाकडे?

ऊसतोडीहून माणसं वस्तीवर परततात तेव्हा उन्हाळा दारात असतो आणि पाच-सहा महिने बंद असलेला छताचा पंखा नुसता गुणगुणतो. बीड जिल्ह्यात काम करताना आम्ही हे दरवर्षी पाहतो. दुकानदार सांगतो, "वाइंडिंग जळलं, नवा घ्या." उचल फिटलेली नसताना नवा कुठून आणायचा?

यंदा बुद्धविहारात महिलांसोबत आम्हीच पंखा खोलला. हाताने पातं ढकललं की फिरतो, म्हणजे बहुधा कपॅसिटर गेलेला. मेन स्विच बंद करून २.५ मायक्रोफॅरडचा नवा बसवला. पंखा फिरला!

१९४२ ते १९४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. विजेचं धोरणही त्यांच्याच खात्याकडे होतं. वीज वस्तीत आली. आता तिचं ज्ञानही आमच्या हातात आलं पाहिजे.

जय भीम!