गंजलेला बोल्ट

गंजाशी झगडायला मनगटापेक्षा सबुरी अधिक लागते. आमच्या यवतमाळकडची काळी माती पावसाळ्यात मोटारीच्या पोटाला चिकटते आणि ओल धरून बसते. लोखंड गंजले की तो गंज फुगतो. मग नट आणि बोल्ट जणू एकच होतात!

माझी अँबॅसडर जुनी. त्या गाड्यांचे उत्पादनच २०१४ साली थांबले. यंदा शेताच्या वाटणीवरून धरलेला अबोला सोडून बहिणीने भाऊबीजेला आर्णीला बोलावले, आणि नेमके मागच्या कमानीचे पाटे मोडले.

“बाबा, पान्याला नळी लावून एका हिसक्यात काढतो,” मुलगा म्हणाला.

“डोके तुटेल रे, बोल्ट आतच राहील!”

गाडी उचलून चासीखाली भक्कम ओंडके दिले. माती खरवडली, तारेचा ब्रश फिरवला, पातळ तेल सोडून रात्रभर मुरू दिले. सकाळी बोल्ट आधी किंचित आवळला, मग सैल केला. आवळल्याने गंजाची पापडी फुटते, तेल आत शिरते. पाव वेढा मागे, पाव पुढे, असे करता करता तो करकरत सुटला. नव्या बोल्टच्या आट्यांना ग्रीस लावले.

बहिणीशी पहिले काय बोलावे, हे मात्र ठरत नाही. आधी तिचेच ऐकून घ्यावे म्हणतो.