फ्लॅशमधलं लोणार

लोणारच्या काठावर उभं राहिलं की तळं दिसतं, झाडी दिसते, खाली कमळजा देवीचं देऊळ दिसतं. हे सगळं झालं कसं, ते मात्र दिसत नाही. काळ्या बेसॉल्टवर उल्का आदळली, खडक वितळला, उडालेला दगडधोंडा भोवती पडून काठ उंच झाला आणि सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचं विवर उरलं. हे समजावायला हलतं चित्रच लागतं. मी ते फ्लॅश या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये केलं.

टाइमलाइनवर एका कीफ्रेमला सपाट जमीन काढायची, पुढे एका कीफ्रेमला खड्डा. मध्ये शेप ट्वीन टाकलं की अधली-मधली चित्रं फ्लॅश स्वतः भरायचं. काठ वेडावाकडा वितळायला लागला, तर शेप हिंट लावून कोणता बिंदू कुठं जायचा ते सांगायचं. चित्र काढता येतं पण प्रोग्रॅमिंगची धास्ती वाटते, अशा माणसाला वेबवर एवढी मोकळीक त्याआधी मिळाली नव्हती. शिवाय चित्रं व्हेक्टर, म्हणजे फाइल हलकी. टेलिफोनच्या तारेवरून रखडत येणाऱ्या इंटरनेटवरही ती उघडायची.

पण मला फ्लॅश जवळचं वाटलं ते अक्षरामुळे. युनिकोड रुळलेलं नव्हतं. श्रीलिपीत टाइप केलेला मजकूर, तो फॉण्ट नसलेल्या मशीनवर नुसता कचरा दिसायचा. फ्लॅश फॉण्ट फाइलमध्येच बांधून न्यायचं. नाहीतर मजकूर निवडून कंट्रोल-बी दाबत गेलं की अक्षरांचे आकार व्हायचे. मग 'दैत्यसूदन'मधला 'त्य' लोणारात जसा, तसाच न्यू जर्सीत. आपली लिपी पडद्यावर न मोडता उभी राहते, याचं तेव्हा फार अप्रूप होतं.

नुकसानही नेमकं तिथंच होतं. आकार झालेलं अक्षर डोळ्यांना वाचता येतं, पण शोधयंत्राला ते सापडत नाही, कॉपी होत नाही, अंध वाचकाला संगणक ते वाचून दाखवू शकत नाही. आणि दुरुस्ती? लोणारचं वय थर्मोल्युमिनेसन्स पद्धतीने सुमारे ५२ हजार वर्षं धरलं जायचं. २०१०च्या सुमारास आर्गॉन पद्धतीने ते सुमारे ५ लाख ७० हजार निघालं. साध्या वेबपानावर असा आकडा बदलणं मिनिटाचं काम. फ्लॅशमध्ये त्यासाठी मूळ एफएलए फाइल लागते, आणि ग्राहकाकडे बहुधा असते फक्त तयार एसडब्ल्यूएफ.

त्यात आयफोनने फ्लॅशला कधी दारातच घेतलं नाही. स्टीव्ह जॉब्सनी २०१०मध्ये त्याची कारणं जाहीर लिहिली: बॅटरी, सुरक्षितता, एकाच कंपनीची मालकी. मला शेवटचं कारण सर्वांत पटतं. २०२०च्या जूनमध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं, त्याच वर्षी तळं पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आलं, लोक मोबाइलवर लोणार शोधू लागले. आणि त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला फ्लॅशची मालक असलेल्या अडोबीने फ्लॅश प्लेअरचा आधार काढून घेतला. १२ जानेवारी २०२१पासून प्लेअरने फाइली चालवणंच बंद केलं.

आज निवड करायची तर मी एचटीएमएल५ घेईन, पण डोळे मिटून नाही. कोडने चित्र हलवताना हात चित्रापासून तुटतो. फ्लॅशचाच वारस असलेल्या अडोबी ॲनिमेटमध्ये टाइमलाइन शाबूत आहे आणि तो एचटीएमएल५ कॅनव्हास काढून देतो. पण कॅनव्हासवरचा मजकूर पुन्हा चित्रच होतो, जुनं दुखणं नव्या अंगात. म्हणून विवर चित्रात ठेवतो आणि मराठी मजकूर बाहेर, युनिकोडमध्ये, साध्या पानावर.

ज्यांच्या कपाटात जुन्या फ्लॅश सीड्या आहेत, त्यांनी त्या आताच काढाव्यात. रफल नावाचा मुक्त प्लेअर बऱ्याच एसडब्ल्यूएफ आजच्या ब्राउझरमध्ये चालवतो; फ्लॅशच्या ॲक्शनस्क्रिप्ट ३ या भाषेतल्या काही अजून अडतात. एफएलए सापडली तर आधी तिच्यातला मजकूर युनिकोडमध्ये उतरवून घ्यावा. चित्र पुन्हा काढता येईल, पण गावातल्या कुणी सांगितलेली, दुसरीकडे कुठेच न लिहिलेली माहिती त्या आकारांत अडकलेली असते.